पासंग

तराजू घेताना लोक भरलेली पारडी बघतात.
मी रिकामी बघतो.
भांडी बाजारात एकेचाळीस वर्षं हेच केलं:
दांडी उचलायची, श्वास धरायचा,
आणि काहीही न ठेवता काटा कुठं झुकतो ते पाहायचं.
झुकतोच.
नव्या कोऱ्या, शिक्का मारलेल्या तराजूचाही,
केसभर का होईना.
त्याला आमच्या धंद्यात पासंग म्हणतात.

बाबा शरणपूरच्या चर्चमध्ये रविवारची शाळा घ्यायचे.
पाप म्हणजे काय, विचारलं की मुलं सांगत सुटायची:
चोरी, शिवी, पाद्रीबाईंच्या परसातले पेरू.
दाविद सोज्वळ तर न केलेलीही सांगायचा.
बाबा पिशवीतून दुकानातला छोटा तराजू काढायचे,
बोटावर धरायचे.
यात काय ठेवलंय?
काही नाही.
मग झुकला का?
आम्ही गप्प. तेही गप्प.
बाहेर घंटा व्हायची.

शेजारचा विश्वंभर तांबट पहाटे गंगेवर जातो,
ओल्या केसांनीच दुकान उघडतो.
एकदा म्हणाला, फिलेमोन, तुमच्यात कुठं धुतात रे?
मी म्हटलं, आमच्यात डाग कमी, वाक जास्त.
वाक कसा धुणार?
तो हसला.
वाक असेल तर माझ्याकडे आण, म्हणाला,
ठोकून देतो.

नेलं नाही.
नेण्यासारखं होतं.

राहेलमावशी पाटल्या मोडायला सराफ बाजारात गेली,
एस्तेरची नर्सिंगची फी भरायची होती.
मला सोबत घेतलं: तुला काट्यातलं कळतं.
तो काटा मीच लावून दिला होता, आठवड्यापूर्वी.
इतकंच ठेव, जास्त नको, असं शेठ म्हणाले होते.
मी इतकंच ठेवलं होतं.
सव्वा ग्रॅम.
पाटल्या पारड्यात गेल्या
तेव्हा मी वर बघत होतो.
पंख्याला चार पाती होती.
एकाला जाळं लागलं होतं.

रविवारी सगळे मिळून कबुली म्हणतात, एका सुरात.
एवढ्या मोठ्या सुरात
माझा सव्वा ग्रॅम ऐकू येत नसे.
बरं वाटायचं. खरं सांगतो, बरं वाटायचं.

मग दुसऱ्या पारड्यात ठेवत गेलो.
चर्चच्या व्हरांड्याला पत्रे.
दोन पोरांची दहावीपर्यंतची पुस्तकं.
सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात रात्री, परक्या माणसांसाठी रांगा.
शेठला काटा सरळ करून दिला, पैसे न घेता,
तर त्यांनी दुसरा मिस्त्री बघितला.
ठेवत गेलो, ठेवत गेलो.
पासंगालाही पुरलं नाही.

गेल्या महिन्यात मावशीकडे गेलो.
एका डोळ्याला पट्टी, मोतीबिंदू नुकताच काढलेला.
म्हटलं, मावशी, तो काटा खोटा होता.
मला माहीत होतं.
ती म्हणाली, मलाही.

तुला काट्यातलं काय कळतं?
काट्याकडे कोण बघत होतं? मी तुझ्याकडे बघत होते.
मग दिल्यास कशाला?
फी भरायची होती.
पट्टीच्या कडेचं पाणी तिनं पदरानं टिपलं,
ते औषधाचंही असेल.
आणि वाटत होतं, तू बोलशील.
पावती होईपर्यंत वाटत होतं.
मग?
मग काय. पावती झाली.

मी चप्पल शोधायला लागलो.
बस, म्हणाली, आधण ठेवलंय.
भिंत धरत ओट्यापाशी गेली, डबा उघडला,
चमचा सापडेना,
तर मुठीनंच टाकली साखर.
मोजली नाही.
मला साखर वर्ज्य आहे.
तिला ते माहीत होतं का, विचारलं नाही.
बशीत ओतून सगळा प्यालो, तळाच्या खड्यांसकट.

आज सकाळी दुकान उघडलं.
दांडी उचलली, श्वास धरला.
रिकामी. झुकली.
शेजारी विश्वंभरचा हातोडा
कधीचाच सुरू झाला होता.