साडेनऊ लिटर

डब्याचं माप लिटरमध्ये सांगतात म्हटल्यावर
अम्माचा हात सुपातच थांबला.
"काय, पाणी भरायलीस त्यात?"

आमच्याकडे लिटर म्हणजे नळ.
पाचव्या दिवशी, पहाटे साडेतीनला,
बॅरल, घागरी, शेवटी भाजीचं पातेलंसुद्धा.
साडेनऊ लिटर म्हणजे एक घागर धड नाही.
तेवढ्यात मला अख्खा कॉम्प्युटर बसवायचा होता.

जागाच तेवढी.
कपाट आणि कांड्या भरायच्या मशीनच्या मधे
चौदा इंच.
मोठा टॉवर आणला असता तर यादगिरीला
बारा महिने पाय दुमडून झोपावं लागलं असतं,
आणि तो दहावीला आहे, वाढतोय.

किती रात्री मोबाईलवर डबेच बघितले.
एक देखणा, पण सदतीस मिलिमीटरच्या वर
कूलर चालत नाही त्यात.
एकाला काचेच्या भिंती.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री, काचेत कोण बसेल?
एकात कार्ड मावतं, पॉवर सप्लाय अडतो.
दुसऱ्यात सप्लाय मावतो, तर कार्ड
केबलला कोपर मारतं.
भाड्याची खोली बघतानाही हेच:
मोरी आहे तर खिडकी नाही.

शेवटी जाळीचा घेतला, चारी बाजूंनी छिद्रं.
दुकानदार इप्पलपल्ली म्हणाला,
"ताई, आपल्या गावात जाळी? महिन्यात आत गादी भरतंय बघा."
खोटं नव्हतं. नायना पाळी संपवून येतात
तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असतात.
मी अम्माच्या फाटक्या नायलॉन साडीचा तुकडा
पंख्यांना आतून ताणून लावला.
काठ तेवढा बाहेर राहिला, जांभळा.

रविवारी दुपारी फरशीवर मांडलं सगळं.
मदरबोर्ड भाकरीएवढा, कडक भाकरीएवढा,
आणि तसाच मोडेल की काय वाटणारा.
क्रम चुकला. कूलर घट्ट पिळल्यावर कळलं
की एक वायर त्याच्याखालून जायची होती.
काढलं. पेस्ट पुसली. परत लावलं.
बोर्डाच्या पाठीवर एसएसडी लावायचीच राहिली.
परत काढलं.
तिसऱ्या वेळी पत्र्याच्या कडेनं अंगठा कापला.
यादगिरी म्हणाला, "झाली मशीनची पूजा."

मग झाकण.
तीन मिलिमीटर वर.
दाबलं की आत पंखा घासतो, टर्र, टर्र.
वायरी लांबच देतात कंपन्या,
मोठ्या घरांच्या हिशोबानं.

अम्मा पानं कापत होती.
तेंदूच्या पानावर पत्र्याचा साचा, भोवती कात्री,
नजर भलतीकडेच, माझ्याकडे.
पंचवीस वर्षं, रोजच्या हजार विड्या.
उठली. हात पदराला पुसले.
वायरींचा गुंता उचलून नुसता चाचपला,
पान ओलं आहे का बघावं तसा.
"सगळ्या एकदम दडपू नको. आधी जाड.
बारीक तिच्या पाठीला जातंय."
विडीचाच दोरा, गुलाबी, दोन वेढे,
गाठ नखानं आत ढकललेली.
झाकण बसलं.
आवाजसुद्धा नाही आला.
ती परत सुपाकडे गेली, मोजणी कुठे राहिली
ते आठवत.

त्या मशीनवर पहिला नक्षा टॉवेलचा काढला.
नायना चष्मा काढून पडद्याजवळ आले.
उमेदीत ते जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे.
स्क्रीनवर बोट टेकवलं, डाग पडला.
"हितं एक घर चुकलंय."
मी मोठं करून बघितलं.
चुकलं होतं.

दुरुस्त करताना साडेतीन वाजले,
आणि मोरीत नळ खाकरला.
मी फाईल सेव्ह करून बॅरलकडे पळाले.
मागे डबा तापलेला, पंखा फिरत होता
आणि खोलीभर, अगदी बारीक,
तंबाखूचा वास.