हातचा

शनिवारी रात्री सामना संपतो, मग माझा सुरू होतो.
स्टँडखालच्या खोलीत, बिअरच्या रिकाम्या पिंपांशेजारी,
मी चित्रफीत थांबवते, ढकलते, पुन्हा थांबवते :
पास. पास. हुकला. झडप. बाहेर.
प्रत्येक सामन्याचे दोन हजार ठिपके,
आणि माझ्या अंगठ्याला एक घट्टा.

डेंडर नदीकाठचा दुसऱ्या विभागातला क्लब आमचा.
मालक म्हणजे एक फंड. चार देशांत त्याचे चार क्लब,
आणि मालक म्हणून जो येतो तो माणूस दरवेळी वेगळा.
प्रश्न मात्र तोच :
विकण्यासारखं काय आहे?

तेव्हा सतराव्या ओळीत मामादी होता.
वय एकोणीस. काड्यांच्या बंद कारखान्यामागच्या इमारतीत राहायचा,
आई इस्पितळात रात्रपाळीला.
गोल दोन. पेपरात फोटो शून्य.
पण चेंडू येणार नाही हे ठाऊक असूनही
तो उजव्या कोपऱ्याकडे असा सुटायचा
की दोन बचावपटू त्याच्यामागे फरफटत जायचे
आणि मागे पडलेल्या मोकळ्या जागेत
योरिन निवांत गोल मारायचा.

या धावण्याला रकाना नव्हता.
मी केला.
रात्री दीड वाजता, थंड कॉफी पिता पिता
त्याला नाव दिलं : रिकाम्या धावा.
अकरा सामने, त्रेसष्ट.
इतकं सुंदर काही मी आयुष्यात मोजलं नव्हतं,
म्हणून दाखवलं. चूक एवढीच.

रकाना अध्यक्षांकडे गेला, अध्यक्षांकडून फंडाकडे,
फंडाकडून जर्मनीतल्या एका मोठ्या क्लबाकडे.
चौतीस लाख युरो.
छप्पर गळायचं थांबलं.
माझा करार दोन वर्षांनी वाढला.
उरलेल्यात तीन खेळाडू आले, तिघांची नावं अजून घोटाळतात.
खोगीरभरती.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, म्हणतात.
पण पळता तोच होता
आणि हातचाही तोच.

गोदेलीव्ह बटाटे तळते, पूर्वेकडच्या फाटकापाशी.
तिची एक वही आहे, तेलाने पारदर्शक झालेली :
तारीख, हवा, किती लिटर. १९८८ पासून.
किती प्रेक्षक येतील हे माझं गणित तीनशेने चुकतं,
तिचं चाळीसने.
कसं, विचारलं तर म्हणते, सोलताना कळतं.

नोव्हेंबरात तिने वही माझ्यापुढे सरकवली.
एका ओळीवर बोट. सहा लिटर कमी.
पुढच्या ओळीवर बोट. सहा.
हवा चांगली होती, सामना जिंकलो होतो.
‘कारखान्यामागची पोरं,’ ती म्हणाली,
‘येतच नाहीत आता. कोणाला बघायला येतील?’
मग गिऱ्हाइकाला मेयोनीज द्यायला वळली.

लहानपणी बेरीज करताना
हातचा वर लिहायचा, बारीक, पेन्सिलीने.
माझ्याकडून तो नेहमी राहायचा.
उत्तर दिसायला बरोबरच दिसायचं.

तो क्लब आमचा नाही, तो तक्ता माझं काम नाही.
तरी दर रविवारी मामादीची ओळ उघडते.
मिनिटं : शून्य. शून्य. शून्य. चार.
त्या चार मिनिटांची फीत मागवली, स्वतःच्या पैशाने.
चेंडू त्याच्याकडे एकदाही आला नाही.
तीनदा सुटला तो कोपऱ्याकडे.
दोनदा मागे कोणीही गेलं नाही,
तिसऱ्यांदा एक जण, अर्धवट, मान वळवून.

तिथे हा रकाना कोणी भरत नाही.
मी भरला. तीन.

सोमवारी फंडाचा नवा माणूस येतोय.
अध्यक्षांनी सांगितलंय, तक्ते रंगीत हवेत.
गोदेलीव्ह तेव्हा कढई रिकामी करत असेल,
जुनं तेल, पिंपात, हळूहळू,
एक डोळा खुणेच्या रेघेवर.