गाठ

पाचपावलीचे शेषराव धकाते
तीन महिन्यांनी दुकानात आले
आणि रिपोर्ट काउंटरवर पालथा ठेवला,
हरलेला माणूस पत्ते ठेवतो तसा.
“आकडा हालला नाही, मॅडम.
तीन डब्या गेल्या. मासोई पोटात जाऊन मेली वाटते.”

मे महिना. कूलरला खसचा वास,
आणि कूलर असूनही
बाटलीतल्या गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या,
पिवळ्या, आरपार दिसणाऱ्या.
समुद्र कुठूनही दूर असलेल्या या शहरात
समुद्राचे साठ थेंब, किंमत छापील.

कधी घेता?
“पाहाटे चार वाजता. खाली पोटी, पाण्यासंगं.
मंग कोरा चहा.”
आणि जेवणात?
“उकडलेला दोडका. तर्री बंद केली नं डॉक्टरनं.
सावजीच्या घरात बिनतेलाचा रस्सा!
बायको म्हणते, मले सुतकावानी वाटते.”

मी बाटली फिरवली. चष्मा शोधला.
मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत:
इथाइल एस्टर.

माशाच्या अंगात हे तेल तिघातिघांनी राहतं, म्हटलं,
एका खुंटीला तीन धागे.
कारखान्यात ते सोडवतात, गाळतात,
मग एकेकाला स्पिरिटच्या टोकाशी बांधून देतात.
स्वस्त पडतं. वाईट नाही.
पण पोटाला जुनी गाठ सोडायची सवय.
या नव्या गाठीला वेळ लागतो,
आणि सोबत तेलातुपाचा घास नसला
तर सोडवणारे हात नीट जागेच होत नाहीत.
बराचसा धागा न सुटताच पुढे निघून जातो.

शेषराव हसले नाहीत.
अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहिले,
जणू मधे काही बारीक आहे.
चाळीस वर्षं मागावर
तुटलं सूत सांधलेली बोटं.
“गाठ फणीतून गेली पाह्यजे,” म्हणाले,
“नाई तं सारं पोत फसते.”

मग वरच्या फळीवरची महाग बाटली मागितली.
हात लांब धरून वाचली, तुकड्या-तुकड्यानं:
ट्राय… ग्लिस… राइड.
रिपोर्ट उलटा केला.
तोच शब्द. भोवती डॉक्टरांचा लाल गोल.
“मॅडम, जे कमी करा म्हणता
तेच इकून राह्यले काय?”

कूलरमधलं पाणी संपलं होतं,
पंप कोरडा घरघरत होता.
नाव एकच आहे, म्हटलं. खुंटी तीच,
धागे वेगळे.
खरं होतं ते. तरी बोलताना
माझं मलाच वकिलासारखं वाटलं.

महाग बाटली त्यांनी परत केली, दोन्ही हातांनी.
स्वस्तच घेतली.
दुपारच्या जेवणात घ्या, म्हटलं,
जवसाची चटणी, तिच्यावर एक चमचा तेल.
डॉक्टरांना विचारून.
“एक चमचा,” ते म्हणाले,
सजा कमी झालेल्या माणसाच्या आवाजात.
आकडा हलेल का, हे त्यांनी विचारलं नाही.
मीही तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता फोन.
वच्छलाबाई धकाते.
“मॅडम, चमचा कोन्ता? चहाचा का वाढाचा?”
चहाचा, मी म्हटलं.
“हो, हो, चहाचाच,” त्या म्हणाल्या,
आणि त्यांच्या मागे कढईत
मोहरी तडतडत होती,
चहाच्या चमच्यात मावणार नाही इतकी.