कोपऱ्यातली नळी

वसमत रोडला, टायरच्या दुकानाच्या वर
दस्तगीरभाईच्या कॅफेत आठ संगणक होते
आणि पाठ असलेल्या खुर्च्या चारच.

पहिला गेम आला तेव्हा आम्ही
अजून बारावी नापास झालो नव्हतो.
माउसचं उजवं बटण दाबलं की वेळ
काकवीच्या तारेसारखा ओढला जायचा.
कोटवाला माणूस हवेत आडवा,
गोळ्या आपापल्या रेघा ओढत यायच्या,
आणि छातीतला एक ठोका, त्याचा का माझा.
पण कोपऱ्यात एक नळी होती.
हळू राहण्याचा साठा तिच्यातून गळायचा.
संपला की संपला,
मग साध्या वेगानं मरायचं.

पुढं नकला आल्या,
औरंगाबादहून, कव्हरवर नावसुद्धा चुकलेलं.
एकीत नळीच नव्हती. राहा दिवसभर हळू, कोण विचारतंय?
व्यंकटी म्हणला, हे तर तहसीलच झालं बे.
एकीत कोट होता, वाऱ्यानं हलायचा नाही.
एकीत गेमच ठरवायचा कधी हळू व्हायचं,
आपण बघायचं फक्त,
दुसऱ्याच्या लग्नाची कॅसेट बघावी तसं.
एकीत वेळ उलटा जायचा, मेलेले उठून बसायचे.
ती मला आवडली होती. कुणाला बोललो नाही.

व्यंकटीची नक्कल वेगळीच.
नानलपेठेतल्या टेलरकडून रेक्झिनचा काळा कोट,
मे महिना, पारा चव्वेचाळीस.
बांधकामाच्या वाळूच्या ढिगावरून त्यानं आडवी उडी घेतली.
आम्ही मागून बघत होतो, खांद्याच्या जरा वरून,
गेम बघतो तिथूनच.
तो अजिबात हळू पडला नाही.
मनगट. प्लास्टर. कोट मात्र शाबूत.

आणि लाईट जायची.
यूपीएस ओरडायला लागायचा, चार मिनिटं फार तर.
दस्तगीरभाई खालून हाक द्यायचे,
"सेव करो रे पोट्टेहो!"
आम्ही सेव्ह करायचो नाही.
त्या चार मिनिटांत कुणी गोळी वाया घालवल्याचं
मला आठवत नाही.

परवा पुतण्या मोबाईल घेऊन आला.
जाहिरात बघितली की याच्यात वेळ हळू होतो,
पुन्हा बघितली की पुन्हा.
"काका, तुमचा भारी होता का हा?"
मी त्याच्या मागं उभा राहिलो,
खांद्याच्या जरा वर.
त्याचा माणूस हवेत लटकलेला, छान, कितीही वेळ.
मी कोपरा शोधत होतो.