पाखाडी

तरीपासून सड्यापर्यंत तीनशे चौदा पायऱ्या.
याकूब सोलकर मोजत नाही,
त्याचे गुडघे मोजतात.

डांबरी रस्ता डोंगराला वळसा घालून गेला
तेव्हापासून इथे घाणेरी चढते,
आणि कधीतरी आमच्यासारखी माणसं
पाण्याच्या बाटल्या घेऊन,
नुसतं बघायला.

अर्ध्यावर एक उभा जांभा. वरची कड झिजून गुळगुळीत.
"इथे आमची माय पाटी टेकवायची,
सुक्या बांगड्याची. डोक्यावरून सरळ दगडावर.
परत घेताना कुणाचा हात लागायचा नाही."
मी माझी सॅक ठेवून पाहिली.
टाचा उंचावाव्या लागल्या.

वर सडा. कुसळं, तापलेला कातळ,
खाली खाडी शिशाच्या रंगाची,
पायाशी कोरलेला मासा,
पाकटासारखा, लांब शेपटीचा,
आणि त्याच्या कुशीला एक माणूस
ज्याला डोकं द्यायचं राहून गेलं.

कुणी कोरलं? केव्हा?
"आमच्या आधी," याकूब म्हणाला
आणि चपला काढल्या.
देव आहे का हा?
"देवाचं मला विचारू नका.
पण कुणी निजलं असलं
तर बाजूनं जावं."

आम्ही बाजूनं गेलो.
कॅमेरा मी काढलाच नाही, की काढला होता,
आठवत नाही.

उतरताना तो त्या जांभ्याशी थांबला,
गुडघे किंचित वाकवले,
मग मान ताठ करून
दोन्ही हात मोकळे सोडून
पायरी पायरी
खाली निघाला.