उत्तरेकडची भिंत

हालगाइर बर्गनहून आला, सोमवारच्या बोटीने,
दोन ब्रश, एक खरवडणी आणि सात दिवसांची रजा घेऊन.
धक्क्यावरच म्हणाला, ढगांकडे न बघता,
"उद्या सुरू करू."
आम्ही तीन वर्षं बोललो नव्हतो,
म्हणून मी "बरं" म्हणाले.

जुलै. अकरा अंश.
लोफोटेनच्याही वर, आमच्या बेटावर
याला उन्हाळाच म्हणतात:
बटाट्याला फूल आलेलं असतं,
रात्र झालेली नसते,
आणि दोरीवरचे लोकरी मोजे
मंगळवारचे गुरुवारीही ओले.

रेडिओ म्हणतो, "तुरळक सरी."
तुरळक म्हणजे शिडी लावली की येते,
शिडी काढली की जाते.
मध्ये ऊन पडतं, तेही तोंडदेखलं,
टोपी न काढता दारातूनच वळलेल्या
पाद्र्यासारखं.

मंगळवारी त्याने चार फळ्या पांढऱ्या केल्या.
दुपारच्या सरीने त्या गवतात उतरवल्या.
दूध सांडावं तसा रंग ओघळत गेला
थेट रूबार्बच्या पानांपर्यंत.
शेजारची बोर्गहिल्ड कुंपणाशी भिजत उभी राहिली
(इथे छत्री कुणी बाळगत नाही, वारा ती ठेवत नाही)
आणि म्हणाली, "भाजी रंगवायला काढलीत होय?"
हालगाइर हसला नाही.
मी हसले, आणि मग घाईघाईने
घासलेलंच पातेलं परत घासायला घेतलं.

बुधवार असाच. गुरुवार स्वयंपाकघरात.
कॉफी, पत्ते, पुन्हा कॉफी.
आईच्या खुर्चीत दोघांपैकी कुणी बसत नाही
हे दोघांनाही दिसतं.

शुक्रवारी भिंत खरवडताना
पांढऱ्याखाली पिवळा लागला,
पिवळ्याखाली हिरवा.
"नावेचा," मी म्हणाले.
"नावेचा उरलेला रंग बाबांनी घराला दिला होता.
शाळेत पोरं विचारायची, घर पाण्यात कधी सोडताय?"
"आपलं घर कधीच हिरवं नव्हतं," हालगाइर म्हणाला.
त्याच्या नखांत हिरवे कण.

भांडायला इतकं चांगलं कारण
तीन वर्षांत मिळालं नव्हतं.
जेवणापर्यंत भांडलो आम्ही, हिरव्यावरून,
आणि जी गोष्ट खरी होती,
दवाखान्यातून मी केलेला, त्याने न उचललेला फोन,
ती हिरव्याच्या आडून हळूच आली
आणि टेबलाशी बसली.
तिला कुणी ऊठ म्हणालं नाही.
थोड्या वेळाने त्याने माझ्या ताटात
आणखी एक बटाटा ठेवला. सोलून.

शनिवारबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाऊस होता.

रविवारी चारला बोट सुटली.
साडेचारला ऊन.
सावली पाडणारं, खरं ऊन,
डोंगर पाण्यात उलटे,
धक्क्यावरच्या दोरखंडांतून वाफ,
आणि आठवडाभर कुठे दडल्या होत्या कोण जाणे
त्या सगळ्या माश्या.
मी सूर्याला नावाने शिव्या दिल्या,
मग डबा उघडला.

उत्तरेकडच्या भिंतीला ऊन मिळतं
ते फक्त मध्यरात्री, तेही या चार-सहा आठवड्यांत.
तेव्हा मध्यरात्रीच लागले कामाला.
शिडी धरायला कुणी नव्हतं;
जमिनीवरूनच, टाचा उंचावून,
हात पोचला तिथवर पांढरं केलं.
वरच्या तीन फळ्या राहिल्या,
त्याच्या उंचीच्या,
खरवडलेल्या, ठिपक्याठिपक्यांनी हिरव्या.
ना धड घर, ना धड नाव.

साडेबाराला पश्चिमेकडे समुद्रावर
पुन्हा एक काळा पट्टा टेकला.
मी झाकण लावलं, टाचेने दाबलं,
भिंतीचा फोटो काढून पाठवला. सोबत शब्द नाही.
उत्तर लगेच आलं, म्हणजे तोही जागाच:
"त्याला निळा म्हणतात."

सर आली.
अंगठा ओला, अक्षरं उमटेनात;
घर चार पावलांवर होतं,
तरी मी तिथेच उभी राहून
लिहायला लागले.