जास्वंदीला वास नसतो

खंडेराव मार्केटच्या मागच्या अंगाला
पहाटे पावणेपाचला फुलं किलोवर उतरतात.
झेंडू गोणीत, गुलाब ओल्या तरटात,
मोगरा मात्र केळीच्या पानात, ओंजळभरच,
सोन्यासारखा तोलायचा.
मी पिशवी धरून उभा असतो
आणि मला कसलाच वास येत नाही.

एकतीस वर्षं रसायनच्या तळघरात
बाटल्या भरल्या, बाटल्या धुतल्या.
ईथर, पिरिडीन, ब्रोमीन.
नाक कधी गेलं ते कळलंही नाही.
एक दिवस दूध करपलं, शेजारीण धावत आली,
मी शेगडीसमोरच बसलो होतो, पेपर वाचत.

मोगऱ्यात इंडोल असतं, मी मुलांना सांगायचो.
तेच कुजण्यात असतं, तेच प्रेतात.
पातळ केलं की फूल,
घट्ट केलं की मसण.
मुलं हसायची, वहीत उतरवून घ्यायची.

जैबुनबेनला हे एकदा सांगितलं.
तिचा दोरा थांबला नाही.
"म्हणून तर साहेब,
वरातीलाही तोच अन् जनाज्यालाही तोच."
गुलाब हाताशी आला की ती आधी हुंगते,
ओठ हलतात, दरूद.
आमच्यात देवाचं फूल हुंगलं की उष्टं.
मी विचारलं, यातली दर्ग्याची टोपली कुठली
आणि विठ्ठलमंदिराची कुठली?
"जी आधी खपेल ती."

चंपकभाई दुकान उघडण्याआधी येतात, चहापुरते.
नावात फूल, हातात कधी नाही.
त्यांच्या मंदिरात तांदूळ केशरात पिवळे करतात
आणि मंत्रात त्या तांदळालाच फूल म्हणतात.
"तोडायचं म्हणजे जीव दुखतो," ते म्हणाले.
"कोणाचा?"
त्यांनी बशीतला चहा फुंकला.

पेरीन आमच्याच खात्यात टायपिस्ट होती.
फतेगंजच्या तिच्या घरी गेलो तेव्हा
निखाऱ्यावर सुखडीचे तुकडे, वर चिमूटभर लोबान.
म्हणाली, आमच्याकडे प्रत्येक फरिश्त्याचं फूल ठरलेलं,
पांढरी जाई एकाची, कुणाचा तरी झेंडू,
आई सगळी म्हणून दाखवायची, मला आता दोनच येतात.
धूर माझ्या डोळ्यांत गेला, पाणी आलं.
"आला ना वास?" पेरीन खूश.
मी हो म्हटलं.

नोव्हेंबरात कबरस्तानावरून जात होतो,
आतून कुणीतरी हाक मारली. आल्बर्ट मॅकवान, ब्याण्णवची बॅच.
आईच्या कबरीवर झेंडू पसरत होता,
मेणबत्ती तिसऱ्यांदा विझलेली.
हात पँटला पुसत म्हणाला,
"सर, इंडोल अजून लक्षात आहे."
मग आम्ही दोघंही जरा गप्प उभे राहिलो.

वाटण्या झाल्या तेव्हा भावांनी चांदीचे टाक घेतले.
पितळेचा गणपती माझ्याकडे आला,
कारण रोजची पूजा कुणालाच नको होती.
मलाही नको होती.
तरी दर मंगळवारी पाच जास्वंदी घेतो,
जैबुनबेन सहावी वरून टाकते.

परवा फूल ठेवताना पहिल्यांदा ध्यानात आलं,
हिला वास नसतो.
कधीच नव्हता. माझं नाक शाबूत होतं तेव्हाही नव्हता.
आणि हा,
एवढी लांब सोंड घेऊन बसलेला,
मार्केटातला अख्खा मोगरा जागेवरून हुंगेल असा,
मागतो काय, तर ही.

मी फूल परत उचललं आणि नाकाशी नेलं.
आईने हातावर चापट मारली असती.
बराच वेळ धरलं.
गार लागलं, मऊ लागलं, मधली दांडी टोचली थोडी.
काही आलं नाही, जसं येऊ नये तसंच.

खाली चहाला गेलो.
चंपकभाई माझ्याकडे बघत राहिले.
म्हणाले, नाकाला केशर लागलंय तुमच्या.
असू दे, म्हटलं.